उभी गाडी

एअर फिल्टरचं झाकण उघडलं, तर आत भात. दोन ओंजळी तरी असेल. सालासकट, जरा काळवंडलेला, वर पेंढ्याची मऊ गादी घातलेली. उंदरांनी कुठून कुठून एकेक दाणा आणून गाडीच्या नाकातच कणगी भरून ठेवली होती. कामशेतहून आलेल्या मिस्त्रींनी चार दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून साल उडवली आणि तांदूळ तोंडात टाकला. दोनदा चावून म्हणाले, "इंद्रायणी हाये." मग नाकाशी हात नेऊन, "वास ऱ्हायलाय अजून."

इंद्रायणी हे आमच्या वडगावच्या भात संशोधन केंद्राचं वाण, १९८७ सालचं. म्हणजे गाडीपेक्षा तांदूळ तीन वर्षांनी लहान. गाडी १९८४ ची. हे मी मिस्त्रींना सांगितलं नाही, कारण तोवर ते वाकून बॅटरीच्या खालचा पत्रा बोटाने दाबत होते आणि पत्रा बिस्किटासारखा तुटत होता.

प्रीमियर पद्मिनी. पांढरी म्हणून घेतलेली. आता तिचा रंग कोणता म्हणायचा, ते सांगता येत नाही. कागदावर ती पद्मिनी असली तरी घरात तिला पद्मिनी असं कुणीच कधी म्हटलं नाही. ती 'फियाट' होती. १९७४ मध्ये कंपनीने चितोडच्या राणीचं नाव दिलं, पण आमच्या मळवलीत तरी राणीचा जम बसला नाही. अण्णांनी नंबर लावून तिची वाट पाहिली होती. त्या काळी गाडी विकत घेत नसत, गाडी 'लागत' असे, जशी नोकरी लागते किंवा म्हाडाची खोली. अण्णा वडगावच्या कोर्टात वकिली करायचे. मळवली ते वडगाव रोज लोकलने गेले असते तर लवकर पोचले असते, हे आई त्यांना पंचवीस वर्षं सांगत राहिली.

२००९ मध्ये काचबिंदूने त्यांची नजर कडेने खायला सुरुवात केली. समोरचं दिसे, बाजूचं दिसेना. एकदा कार्ला फाट्यावर डावीकडून आलेली सायकल त्यांना दिसलीच नाही. सायकलवाल्याला काही झालं नाही. अण्णांनी गाडी घरी आणली, पडवीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये घातली, आणि परत रस्त्यावर काढली नाही. त्यावर चर्चाही झाली नाही.

पण दर रविवारी ते ती सुरू करायचे. सकाळी आंघोळ, पूजा, चहा, आणि मग शेडमध्ये. चोक ओढायचा, स्टार्टर मारायचा, इंजिन लागलं की चोक हळूहळू आत ढकलायचा, आणि दहा मिनिटं तसंच बसून राहायचं. हात स्टिअरिंगवर. डोळे समोरच्या भिंतीवर, जिथे इरली आणि जुनी कुळवाची दांडी टांगलेली होती. मी पुण्याहून आलेलो असलो तर खिडकीतून बघायचो. घड्याळात दहा मिनिटं झाली की इंजिन बंद. "मशीन आहे, फिरतं ठेवावं," असं म्हणत ते हात पुसत यायचे. पाच वर्षं त्यांनी एक रविवार चुकवला नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ते गेले, आणि त्यानंतर कुणी किल्ली लावली नाही.

दहा पावसाळे. आमच्याकडे वर्षं पावसाळ्यांनी मोजलेलीच बरी. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मळवली तिथून दोन स्टेशनं सोडा, एकच स्टेशन अलीकडे. पाऊस थोडा कमी, ओल तेवढीच. जूनपासून चार महिने मीठ बरणीत पाणी सोडतं, काड्यापेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलांवर हिरवी लव येते, विसापूर समोर असून आठ-आठ दिवस दिसत नाही. या हवेत लोखंड उभं करून ठेवायचं म्हणजे पापड अंगणात वाळत घालून गावाला जाण्यासारखं आहे. मला हे कळत होतं. दर वेळी शेडमध्ये जाऊन मी बोनेटवरून हात फिरवायचो, बोटाला आलेली धूळ पँटला पुसायचो आणि परत फिरायचो. 'आहे तशी असू दे' असं म्हणण्यात एक सोय असते. त्याला आदरही म्हणता येतो आणि आळसही, आणि कोणता शब्द वापरायचा ते आपण ऐकणारा पाहून ठरवतो.

मग २०२४ च्या एप्रिलमध्ये एक भंगारवाला आला आणि त्याने आईला किलोचा भाव सांगितला. आईने मला फोन केला. विकू की नको, असं तिने विचारलं नाही. फक्त भाव सांगितला आणि म्हणाली, "मला वाटलं तुला ठाऊक असावा."

पुढच्या शनिवारी मी मिस्त्रींना घेऊन आलो.

मिस्त्री सत्तरीचे. तरुणपणी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात होते, म्हणून त्यांना ही गाडी डोळे मिटून उघडता येते. मला वाटलं होतं, नवीन बॅटरी घालून आपण किल्ली फिरवू आणि बघू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं उपाशी माणसाला पहिल्याच दिवशी पुरणपोळी वाढणाऱ्याकडे पाहतात. आधी चारही प्लग काढले. प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि म्हणाले, आता आठ दिवस हात लावायचा नाही. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा गंजून धरलेल्या असतात. तशाच फिरवल्या तर आतली गुळगुळीत भिंत खरवडली जाते आणि मग ती कायमचीच गेली. आठ दिवसांनी पुलीच्या नटाला पाना लावून त्यांनी इंजिन हाताने फिरवलं. आधी नाहीच. मग पाना उलटा, केसभर. मग सुलट. मागे-पुढे, मागे-पुढे, दाढ हलवावी तसं. पंधरा मिनिटांनी आतून 'सूं' असा श्वास सोडल्यासारखा आवाज आला आणि पुली पूर्ण फिरली. १०८९ सीसीचं इंजिन, आकड्यात किती लहान वाटतं. त्या दिवशी ते मला मोठं वाटलं.

टाकी उतरवली. त्यातून जे निघालं त्याला पेट्रोल म्हणवत नव्हतं; लाखेसारखं, चिकट, आणि जुन्या फर्निचरच्या दुकानात येतो तसा वास. मिस्त्रींनी टाकीत डिझेल आणि सायकलच्या साखळीचे तुकडे घातले, आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून ती पाखडली. काळी गंजाची पेंड निघत राहिली. पंपाचा पडदा कडक होऊन पापडासारखा मोडला. रबरी पाइप सगळे बदलले, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. "ह्या पेट्रोलचं एक हाये," मिस्त्री म्हणाले, "लगीच उडतं. गरमीत जपा." मी हो म्हटलं. लक्ष दिलं नाही.

डॅशबोर्डचा खण मी स्वतः रिकामा केला. त्यात सापडलं ते असं: फ्यूजची गोल डबी, १९९८ ची पावती, दहा पैशांची सात नाणी, आणि धोतराचं चौपदरी कापड, चारी बाजूंनी टाचलेलं, दोन टोकांना नाड्या, मधोमध गंजाचे डाग. नाणी ओळखीची. घाट उतरताना शिंग्रोबाच्या देवळापाशी अण्णा गाडी हळू करायचे आणि मला खिडकीच्या छोट्या त्रिकोणी काचेतून एक नाणं टाकायला सांगायचे. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा तो धनगर, असं सांगतात. कापड मात्र कशाचं ते कळेना. मी त्याला हात पुसले आणि कोपऱ्यात फेकलं. पुढच्या शनिवारी ते धुऊन, घडी घालून परत खणात होतं. आई असंच करते. ती फाटकी पिशवीसुद्धा टाकत नाही. मी काही विचारलं नाही.

सायलेन्सर हाताने दाबला तर बोट आत गेलं. मला आश्चर्य वाटलं, कारण खालचे बाकीचे भाग बाहेरून गंजलेले होते आणि हा बाहेरून बरा दिसत होता. मिस्त्रींनी तो वाजवून पाहिला. "ह्यो आतनं सडलाय. किती येळ चालू ठेवत होते अण्णा?"

"दहा मिनिटं. दर रविवारी."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी समजावलं. पेट्रोल जळलं की त्यातून पाणी होतं. गाडी तास-अर्धा तास पळाली की सायलेन्सर तापतो आणि ते पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. दहा मिनिटांत तो तापत नाही. पाणी आतच साचतं. दर रविवारी थोडं थोडं. ऑइलमध्येही तेच, कच्चं पेट्रोल उतरून ते पातळ होतं. आणि बॅटरीतून स्टार्टर जेवढं खातो तेवढंही भरून निघत नाही. "आवं, त्यापरीस शेडातनं रस्त्यापत्तुर आणि परत, अशी जरी हिंडवली आसती," ते म्हणाले, आणि वाक्य सोडून दिलं. त्यांनाही माहीत होतं, का हिंडवली नाही ते.

पाच वर्षांचे रविवार, म्हणजे अडीचशेहून अधिक. प्रत्येक रविवारी त्या माणसाने आंघोळ करून, मन लावून आपल्या गाडीत चमचाभर पाणी ओतलं.

मराठीत गाडी 'चालू' असणं आणि गाडी 'चालणं' यात एका उकाराचं अंतर आहे, आणि मी जन्मभर ते शब्द एकाच अर्थाने वापरत आलो होतो. अण्णांची गाडी चालू होती. चालत नव्हती. गंमत म्हणजे भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, हे कोडं मला लहानपणी अण्णांनीच घातलं होतं, याच गाडीत, कामशेतच्या फाटकापाशी मालगाडी जायची वाट पाहताना. तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. मला उत्तर आलं नव्हतं, आणि त्यांनी ते मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

सुट्या भागांसाठी मी नाना पेठेत तीन फेऱ्या मारल्या. दुकानदार पद्मिनीचं नाव ऐकून हसत नाहीत, ते सुस्कारा टाकतात. ते जास्त वाईट. मुंबईत या गाडीच्या टॅक्सी पळत होत्या तोवर माल बनत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला ती रस्त्यावरून उतरली. मी सहा महिने उशिरा दुकानात गेलो होतो. चाकांच्या ब्रेकची किट एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून काढून दिली. खोक्यावर धूळ होती, पण रबर मऊ होतं. त्याने पैसे घेताना विचारलं, "चालवणार का ठेवणार?" मी चालवणार म्हटलं. त्याने शंभर रुपये कमी घेतले.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी, बाहेर पाऊस सुरू झालेला, मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटरच्या वायरी लावल्या. त्या उंदरांनी खाल्लेल्या असल्यामुळे सगळ्या नव्या. लावताना ते पुटपुटत होते, "एक-तीन-चार-दोन, एक-तीन-चार-दोन." ज्या क्रमाने सिलिंडर पेटतात तो क्रम. दिंडीत टाळ धरल्यासारखी त्याला लय होती. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, कार्ब्युरेटरमध्ये बाटलीने थेट थोडं पेट्रोल ओतलं आणि मला म्हणाले, मार. मी चोक ओढला. पहिल्यांदा नुसतं घरघर. दुसऱ्यांदा एक ठिणगी पडल्यासारखा ठसका. तिसऱ्यांदा इंजिन लागलं, आणि सायलेन्सर अजून बसवलेला नसल्यामुळे असा आवाज झाला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. शेड निळ्या धुराने भरली. आई दारात येऊन उभी राहिली, पदर नाकाला. मला वाटलं तिचे डोळे भरून आले असतील. ती म्हणाली, "दार उघडा आधी. गुदमराल."

एवढं झालं आणि गाडी जागची हलली नाही. मागचे ब्रेक ड्रमला चिकटलेले, क्लचप्लेट फ्लायव्हीलला. तिला चालू व्हायला सात आठवडे लागले आणि चालायला आणखी पंधरा.

मधल्या काळात तळेगावहून येता-जाता मी जनरल मोटर्सच्या त्या कारखान्याकडे पाहायला लागलो होतो. २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. मग ह्युंदाईने तो घ्यायचा करार २०२३ मध्ये केला. एवढे यंत्रमानव, एवढे पट्टे, एवढ्या लांब शेड, आणि बाहेर तोच मावळचा पाऊस. आत कुणीतरी रविवारी जाऊन दहा मिनिटं काही सुरू करत असेल का, असा एक खुळा विचार मनात येई.

कागदांचं प्रकरण मी थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात झालं नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते. आमची २०१४ मध्येच संपलेली. दंड, पर्यावरण कर, नूतनीकरणाचे पाच हजार, विमा, धुराची तपासणी. तीन अक्षरांचा जुना नंबर तपासणाऱ्या तरुणाला आवडला. त्याने गाडीसोबत फोटो काढला आणि मग तिचा उजवा इंडिकेटर लागत नाही म्हणून परत पाठवली. बरोबरच होतं त्याचं.

ऑक्टोबरात, दसऱ्यानंतरच्या रविवारी, मी आईला म्हटलं, चल, शिंग्रोबाला जाऊन येऊ. दहा पैशांची नाणी आहेत. ती तयार होऊन आली आणि सवयीने डावीकडे बसली. पुढची सीट सलग, तिच्या आणि माझ्या मध्ये तिने पाण्याची बाटली आणि पिशवी ठेवली. गिअर स्टिअरिंगलाच असल्यामुळे मध्ये काही अडत नाही. विसापूरच्या पायथ्याला भात पिकून पिवळा पडला होता. जुन्या हायवेला लागलो तेव्हा काटा पन्नासपर्यंत गेला आणि सगळे दरवाजे एकदम बोलायला लागले.

या रस्त्यावर अण्णा एक विनोद हमखास करायचे. वालचंद हिराचंद हा सोलापूरचा माणूस. त्याने आधी ठेकेदार म्हणून बोरघाटात रेल्वेचे बोगदे फोडले, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. घाटात रेडिएटर उकळून आमची गाडी कडेला लागली, की अण्णा बोनेट उघडून म्हणायचे, "ज्याने डोंगर फोडला, त्याच्या गाडीला डोंगर चढवेना!" त्या काळी कडेला पाच-सहा गाड्या तशाच तोंडं उघडून उभ्या असत, त्यामुळे त्यांना श्रोते मिळायचे. आई तेव्हा हसायची नाही. आता मी तो विनोद केला तेव्हाही ती हसली नाही.

वलवणच्या अलीकडे रविवारची गर्दी लागली. मुंबई-पुण्याच्या गाड्या, चिक्कीच्या दुकानांसमोर आडव्या लावलेल्या. वीस मिनिटं इंचाइंचाने. ऑक्टोबरचं ऊन टपावर. मग एका चढाशी इंजिनने एक आचका दिला, दुसरा दिला आणि बंद पडलं. मी स्टार्टर मारला. फिरतंय, पण लागत नाही. मागून हॉर्न. पुन्हा मारला. पाच महिने, एवढे पैसे, आणि वलवणला. माझ्या तोंडातून शिवी गेली.

आईने खण उघडला. घडी घातलेलं ते चौपदरी कापड काढलं, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, पिळलं, आणि दार उघडून खाली उतरली. साडी सावरत पुढे आली आणि म्हणाली, "बोनेट उघड."

मी उघडलं. तिने ओलं कापड पेट्रोल पंपाभोवती गुंडाळलं, दोन्ही नाड्या मागून घेऊन गाठ मारली. बोट भाजलं तेव्हा ते तोंडात घातलं. हे सगळं एवढ्या सरावाने, की जणू कालच केलं होतं.

"तुला कसं ठाऊक हे?"

"मीच शिवलीय ती. पहिली चिंधी सुटून पंख्यात गेली होती, म्हणून मग नाड्या लावल्या." तिने उरलेलं पाणी वरून थोडं थोडं सोडलं. "पंपातलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते, मग ते पुढे जात नाही. घाटात दर खेपेला. हे आत बसून शिव्या द्यायचे, तुझ्यासारखे. बांधायला मीच उतरायचे."

"आणि तो वालचंदाचा विनोद?"

"तो नंतर. माणसं जमल्यावर."

एका मोठ्या गाडीतून कुणीतरी काच खाली करून विचारलं, काकू, काही मदत? ती नको म्हणाली, तापलीय फक्त. मग माझ्याकडून बाटली घेऊन समोरच्या दुकानातून भरून आणली. कापड सोडवलं, पिळलं, परत भिजवलं, परत बांधलं. त्यातून बारीक वाफ निघत होती. तिसऱ्यांदा बांधल्यावर तिने त्यावर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि काढला.

"बस आत," ती म्हणाली. "चोक ओढू नकोस."